साल बघून घे

लाकडाच्या वखारीत पानं नसतात. फुलं नसतात, शेंगा नसतात, काटेही बहुतेक तासून टाकलेले असतात. झाड ओळखायच्या ज्या खुणा आपल्याला शाळेत शिकवल्या, त्या सगळ्या कुणाच्या तरी बांधावर मागे राहिलेल्या असतात. वखारीत येतो तो दोन-अडीच हात लांबीचा ओंडका, नाहीतर फाटा. ओळख पटवायला त्याच्याकडे दोनच पुरावे असतात: कापलेल्या टोकाचा रंग आणि साल. टोकाचा रंग सोलापूरच्या उन्हात आठ दिवसांत उडतो. मग उरते साल.

फोनवरची झाडं ओळखणारी ॲप्स आधी पान मागतात, नाहीतर फूल. काही ॲप्स सालीचाही फोटो घेतात, पण उत्तर देताना कचरतात. त्यांचा दोष नाही. साल ही तशी बेभरवशाची खूण. एकाच झाडाची कोवळ्या फांदीवरची साल वेगळी, बुंध्यावरची वेगळी. ओढ्याकाठी वेगळी, माळावर वेगळी. वय झालं की ती बदलते, गुरांनी अंग घासलं की बदलते. तरीही सालीवरून लाकूड ओळखणारी माणसं सोलापुरात आहेत, आणि मी पाहिलेल्यांत बायका जास्त. त्यातली एक माझी आई.

आई कडक भाकरी करून विकते. तुमच्यापैकी पुण्या-मुंबईकडच्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत पाहिली असेल. पापडासारखी पातळ, कडकडीत, कित्येक दिवस टिकणारी ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी. हातानं मोडून आमटीत कुस्करायची किंवा शेंगाचटणीबरोबर तशीच खायची. सोलापुरात कितीतरी बायकांचं घर या भाकरीवर चालतं. आमचंही चाललं. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीचा बराचसा भाग याच चुलीतून निघाला.

ही भाकरी करणं म्हणजे आधी तव्यावर भाजायची, जाळावर शेकायची आणि मग तिच्यातलं उरलंसुरलं पाणी निघेपर्यंत मंद धगीवर वाळवायची. म्हणजे चुलीकडून दोन उलट गोष्टी हव्या असतात. तव्याखाली लवलवता जाळ हवा. वाळवताना जाळ अजिबात नको, नुसते इंगळ हवेत, आणि तेही तास-दीड तास टिकणारे. जाळ कमी पडला तर भाकरी चिवट होते. इंगळ लवकर विझले तर ती मधे मऊ राहते, चार दिवसांत बुरशी धरते आणि दुकानदार अख्खी पिशवी परत पाठवतो. त्यामुळे पीठ कुठलं यावर आई जितकं बोलते, तितकंच सरपण कुठलं यावर बोलते.

सोलापूर हा जंगलाचा जिल्हा नव्हे. पर्जन्यछायेतला माळ आहे. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, आणि तोही लहरी. १९७९ साली नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झालं, ते झाडीसाठी नाही, गवतासाठी. अशा मुलखात सरपण जंगलातून येत नाही. ते येतं बांधावरून, ओढ्याकाठून, पडीक रानातून, वादळात पडलेल्या आणि रस्त्याच्या रुंदीकरणात गेलेल्या झाडांतून. जे पडेल ते ट्रॉलीत चढतं. म्हणून वखारीतल्या एकेका ढिगात पूर्वी पाच-सहा जाती मिसळलेल्या असायच्या, आणि भाव मात्र सगळ्याला एकच, क्विंटलवर. एकाच भावात चांगलं लाकूड उचलायचं असेल तर ओळखता आलं पाहिजे. एवढं साधं अर्थशास्त्र या विद्येच्या मागे आहे.

मी शाळेत असताना हातगाडी ढकलायला आईबरोबर जायचो. गाडी भरायचं काम माझं. मी वरवरची, सरळ, हाताला लागतील ती लाकडं उचलायला लागलो की आई म्हणायची, "साल बघून घे." मी विचारायचो, "हे कुठलं झाड आहे?" तर म्हणायची, "नाव काय करायचंय? साल बघ की."

तरी नावं हळूहळू कळत गेली.

बाभळीची साल काळपट आणि जाड. तिच्यावर उभ्या, खोल भेगा असतात, ओल्या रानात नांगराचे तास पडावेत तशा. भेगेत नख घातलं तर आतला भाग तांबूस लागतो. या सालीत टॅनिन भरपूर असतं, म्हणून कातडी कमावायला ती पूर्वापार वापरतात. कुठं कुठं वाळलेल्या डिंकाचा मणी चिकटलेला असतो. टोकाकडून पाहिलं तर कडेला पिवळट पांढरं लाकूड आणि मधे लालसर तपकिरी गाभा. बैलगाडीचं चाक आणि शेतीची औजारं ज्या लाकडाची व्हायची, तेच हे. चुलीत ते सावकाश पेटतं आणि पेटलं की सोडत नाही.

हिवर ही बाभळीची बहीणच, पण साल फिकट. पिवळट पांढरी, तरुण खोडावर बरीचशी गुळगुळीत, जुन्या बुंध्यावर मात्र काळपट, खडबडीत. वनस्पतिशास्त्रात हिच्या नावात 'ल्युकोफ्लिया' असं आहे, म्हणजे ग्रीकमधून 'पांढऱ्या सालीची'. नाव ठेवणाऱ्या माणसानंही आधी सालच बघितली, हे मला पुढं कधीतरी वाचताना कळलं आणि फार बरं वाटलं. हिची साल गुळाच्या दारूत घालत असत, म्हणून इंग्रजीत तिचं एक नाव दारू गाळणाऱ्यांची बाभूळ अशा अर्थाचं आहे.

कडुनिंबाची साल करडी, मध्यम जाडीची, भेगाळलेली, आतून तांबूस. पण ती बघण्याआधी तिचा वास येतो. लिंबाचा धूर भाकरीला लागतो असं आईचं मत, म्हणून ते पाणी तापवायच्या चुलीला. चिंचेची साल गडद करडी. आडव्या-उभ्या भेगांनी तिचे चौकोनी तुकडे पडलेले असतात. लाकूड इतकं चिवट की खाटकाचा ओंडका चिंचेचा असतो. चिंचेचा कोळसा एके काळी बंदुकीच्या दारूत जायचा. सुबाभळीची साल पातळ आणि गुळगुळीत, करडी, तिच्यावर बारीक तांबूस ठिपके. निलगिरीची साल लांब सोलपटांनी सुटते, खाली गुळगुळीत पांढरट खोड. बोरीची साल गडद, उभ्या भेगांची. बाभळीशी हिची गल्लत होते. आई दोन्हीचं वजन हातात तोलते आणि म्हणते, गल्लत झाली तरी चालतंय, दोन्ही ताव धरतात.

काही लाकडं वखारीत दिसतात ती ढिगाच्या तळाशी. १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, खैर, चंदन अशी झाडं आहेत आणि ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मग एखादा चिंचेचा ओंडका कुठल्या वाटेनं आला, हे कोणी विचारत नाही. त्याची साल मात्र सांगायचं ते सांगते. सालीवरून लाकूड ओळखता येणं हे वनरक्षकाच्याही कामाचं असतं ते यामुळेच.

वखारीतली भाषा हा आणखी एक घोळ. सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच वाक्यात नांदतात. बाभूळ तेलुगूत तुम्मा, कन्नडमध्ये जाली. लिंब तिकडे वेपा, इकडे बेवु. आम्ही ज्या वखारीत जायचो तिथला वजन करणारा माणूस तेलुगू बोलणारा. एकदा त्यानं एक वाकडातिकडा ढीग दाखवून आईला म्हटलं, "अक्का, तुम्मा हाय हे, घ्या की." आईनं एक फाटा उचलला, सालीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "सरकार तुम्मा हाय रे हे. मला शिकवतो का?" तो हसला.

सरकार तुम्मा म्हणजे येडी बाभळ. मराठीत वेडी, काही ठिकाणी विलायती. तेलुगूत सरकारी, कारण लोकांच्या लेखी ती सरकारनं लावली. कन्नडमध्ये बळ्ळारी जाली, म्हणजे बेल्लारीकडची बाभूळ. एकाच झाडाला कोणी वेडं म्हणतं, कोणी परदेशी, कोणी सरकारी, कोणी शेजारच्या जिल्ह्यातलं. आपलं कोणीच म्हणत नाही. ती मूळची अमेरिका खंडातली. भारतात ती १८७७ च्या सुमारास आली, कडप्पा जिल्ह्यात वनखात्याच्या लागवडीत. पुढं दुष्काळी भागात सरपणाची सोय म्हणून ती ठिकठिकाणी लावली गेली. शेंगा गोड असतात, गुरं-शेळ्या खातात, बी न पचता शेणातून रानभर पडतं. तोडली की बुडातून चार फांद्या फुटतात.

शास्त्रज्ञांच्या नावांचंही फार वेगळं नाही. आपली बाभूळ शंभरहून जास्त वर्षं 'अकेशिया' होती. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ते नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे ठेवायचं ठरलं, २०११ ला मेलबर्नमध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि बाभूळ 'वाखेलिया' झाली. कोडिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. कुणीतरी वर बसून नेमस्पेस बदलली आणि खाली सगळ्यांचे जुने संदर्भ तुटले. बाभळीच्या सालीवरची एक भेगही त्यामुळे हलली नाही.

नोकरीला लागल्यावर मी पुण्याला गेलो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो तेव्हा वखारीच्या फेऱ्या परत सुरू झाल्या. तेव्हाच मला एक पेपर वाचायला मिळाला. २०१८ साली कॅनडात क्यूबेक सिटीच्या आसपासच्या तेवीस जातींच्या झाडांच्या सालींचे तेवीस हजारांहून जास्त फोटो गोळा करून एका चमूनं मॉडेल शिकवलं होतं. फोटोच्या एका तुकड्यावरून ते त्र्याण्णव टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर सांगत होतं. झाडाच्या सगळ्या फोटोंचा कौल घेतला तर सत्त्याण्णव टक्क्यांच्या वर. म्हणजे माणसाला अवघड वाटणारं हे काम मशिनला बरंच जमतं. मी ठरवलं, सोलापूरच्या सरपणाचं असं एक छोटं मॉडेल करू. शनिवार-रविवारचा उद्योग.

फोटो काढणं सोपं होतं. वखारीत आणि घरच्या शेडमध्ये मिळून काही आठवड्यांत सहाशेच्या आसपास फोटो झाले. पुढचं काम लेबल लावायचं. मी आईला शेजारी बसवलं, लॅपटॉपवर एकेक फोटो दाखवला आणि विचारलं, हे काय?

तिची उत्तरं मी एक्सेलच्या रकान्यात टाइप करत गेलो. "ताव धरतं." "हे भडकतं नुसतं, तव्याखाली बरं." "धूर. डोळ्याला लागतो." "ओलं हाय, अजून महिना ठेव." "हे फुटतंय, पोरं जवळ बसवू नको." "राख लई पडते." तासाभरानं पाहिलं तर जातीचं नाव असलेल्या ओळी अर्ध्याही नव्हत्या. शिवाय एकाच बाभळीच्या बुंध्याला आणि शेंड्याकडच्या फाट्याला तिनं दोन वेगळी लेबलं दिली होती. बोर, चिंच आणि जुनी बाभूळ या तीन जातींना मात्र एकच.

मशिन लर्निंगच्या भाषेत बोलायचं तर तिचे क्लास आणि वनस्पतिशास्त्राचे क्लास जुळत नव्हते. क्यूबेकच्या मॉडेलला विचारलं होतं, हे कोण आहे. आईला आयुष्यभर विचारलं गेलं, हे पुढं काय करेल. साल तिच्यासाठी ओळखपत्र नव्हतं, भाकीत होतं.

आणि ते भाकीत भौतिकशास्त्राला धरून आहे. पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या एका किलोमधून मिळणारी उष्णता जातीनुसार फार बदलत नाही. बहुतेक लाकडं किलोला साडेचार ते पाच हजार किलोकॅलरीच्या आसपास असतात. बदलतं ते घनत्व आणि ओल. बाभळीचं लाकूड घनमीटरला साधारण साडेसातशे-आठशे किलो भरतं, सुबाभळीचं पाचशे-सहाशे, पांगाऱ्यासारखं पोकळ लाकूड तीनशेच्या आसपास. जड लाकूड सावकाश जळतं आणि इंगळ सोडतं. हलकं भसकन पेटतं आणि राख होतं. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणीच असू शकतं. ते पाणी उडवण्यात आच जाते, बाकीचा धूर होतो. लाकूड वाळत आलं की साल सैल होते, टोकांना चिरा पडतात, दोन फाटे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. ओलं असेल तर बद्द. सरपण वजनावर विकलं जात असल्यामुळे ओल्या लाकडात विकणाऱ्याचा फायदा असतो. म्हणजे आई सालीत घनत्व, वय आणि पाणी या तीन गोष्टी वाचत होती. जातीचं नाव त्या तिन्हीकडे जायचा एक रस्ता होता, एवढंच.

ते मॉडेल मी पूर्ण केलं नाही. अडचण कोडची नव्हती, फोटोंची होती. सहाशे फोटो जातीनुसार लावायला घेतले तेव्हा लक्षात आलं की जवळजवळ साडेचारशे येड्या बाभळीचे आहेत. हिवराचे अकरा. चिंचेचे सात. बोरीचे चार, आणि ते चारही एकाच ओंडक्याचे.

मशिन लर्निंगमध्ये असा डेटा आला की आपण त्याला असंतुलित म्हणतो आणि काहीतरी युक्ती काढतो. इथं डेटा चुकीचा नव्हता. वखारच तशी झाली होती. बांध ट्रॅक्टरला अडतात म्हणून सपाट झाले, उजनीचं पाणी पोचलं तिथं बांधापर्यंत ऊस आला, जुन्या बाभळी गेल्या त्यांच्या जागी नवीन कोणी लावल्या नाहीत. तोडली तरी परत येणारी एकच उरली. मी पुढच्या वेळी वखारीत आईकडे जरा नीट पाहिलं. ती सालीवरून अंगठा फिरवतच नव्हती. फाटा उचलायची, दुसऱ्यावर आपटायची, आवाज ऐकायची. ओलं का वाळलेलं, एवढंच. मी म्हटलं, साल बघत नाहीस? म्हणाली, "काय बघायचंय? सगळं एकच हाय की."

चुलीवरच्या बायकांचं ज्ञान गॅस आल्यामुळे लोपतंय, असं आपण सहज म्हणतो. मी पण म्हणायचो. पण आमच्या घरी चूल चालू असतानाच ते ज्ञान निकामी झालं होतं. निवडायला दोन गोष्टी असतील तर ओळख लागते. एकच गोष्ट असेल तर कशाला लागेल? येड्या बाभळीवर माझा राग नाही. आईचाही नाही. ताव चांगला धरते, असं ती आजही सांगते. दुष्काळी पट्ट्यात लाखो चुली या झाडानं पेटत्या ठेवल्या असतील. पण वखारीत दुसरं झाड नसणं म्हणजे रानात दुसरं झाड नसणं, आणि ही बातमी मला ना वर्तमानपत्रानं दिली ना सॅटेलाइटच्या नकाशानं. नकाशावर सगळं हिरवंच दिसतं. ती दिली आईच्या न हललेल्या अंगठ्यानं.

याच सुमारास आईचा खोकला वाढला. जिना चढताना ती मधे थांबायला लागली. डॉक्टरांनी फुंकायची तपासणी केली, त्या नळीत जोरानं श्वास सोडायची, आणि आकडे बघून पहिला प्रश्न विचारला, विडी-मिश्री काही आहे का? नाही. मग दुसरा, चुलीपुढे किती वर्षं? आईनं बोटांवर हिशेब केला. लग्नाआधीची धरून पस्तीस.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात बत्तीस लाख लोक गेले. हा आकडा मी आधी कधीतरी वाचला होता. आकडा म्हणून. तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसून मला आईची लेबलं आठवत होती. "धूर. डोळ्याला लागतो." कुठलं लाकूड किती धूर देतं हे तिला कळलं होतं, कारण तो धूर तिनं घेतला होता. माझ्या एक्सेलमधला प्रत्येक रकाना तिच्या छातीतून आलेला होता. हे ज्ञान जपलं पाहिजे, असं लिहिणं मला त्या दिवसापासून अवघड झालं. ते जपायचा जुना मार्ग एकच होता, आणि तो म्हणजे कुणीतरी चुलीपुढे बसत राहणं.

गॅसचा हिशेब मी मांडला. किलोभर गॅसमध्ये अकरा हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते आणि शेगडीत त्यातली साठ टक्के तरी भांड्याला मिळते. उन्हात वाळलेल्या लाकडात साडेतीन हजार धरली आणि साध्या चुलीची कार्यक्षमता बारा टक्के धरली, तर एक किलो गॅस म्हणजे पंधरा-सोळा किलो लाकूड. धंद्याचं एकोणीस किलोचं सिलेंडर म्हणजे जवळजवळ तीन क्विंटल. कागदावर हिशेब जमत होता. आईचं म्हणणं वेगळं. गॅसवर भाकरी भाजली जाईल, वाळणार कशी? ज्योत म्हणजे इंगळ नव्हे. मी म्हटलं, बारीक करायची. ती म्हणाली, बारीक ज्योत एका जागी लागते, इंगळाची धग सगळीकडून येते.

तिचं बरोबर होतं. इंगळ उष्णता देतात ती मुख्यतः प्रारणानं, पसरून. शेवटी पत्र्याच्या एका कारागिराकडून आम्ही एक कपाट करून घेतलं. आत जाळीचे खण, खाली जाड लोखंडी पाट, त्याखाली गॅसचा बर्नर. पाट तापतो आणि धग वर पसरते. किती तापवायचा हे ठरवायला महिना गेला. मी थर्मामीटर लावला होता, आई पाटाजवळ तळहात धरायची आणि सांगायची, "ही बाभळीची धग झाली. आता राहू दे." ते तापमान मी लिहून ठेवलं. बाभळीची धग. आमच्या शेडमध्ये आता ते एक सेटिंग आहे.

चूल पूर्ण बंद झालेली नाही. बाजरीची भाकरी तिला अजून चुलीवरच हवी असते, आठवड्यातून एकदा, मागचं दार उघडं टाकून. मी वाद घालत नाही. आधी घालायचो.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. सकाळी आम्ही दोघं कंबर तलावाच्या बाजूला जातो. तलावाचं नाव बदलून बरीच वर्षं झाली, धर्मवीर संभाजी तलाव. आई कंबर तलावच म्हणते. दम लागला की ती झाडाला हात टेकून उभी राहते, आणि हात टेकला की सालीवर अंगठा फिरतो. लिंब, सुबाभूळ, गुलमोहर. गुलमोहराला नाक मुरडते. जळायला काही कामाचा नाही.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही मामाच्या शेतावर गेलो होतो. ओढ्याच्या कडेला एक मोठं झाड होतं, सगळ्या फांद्यांच्या टोकांना फिकट पिवळ्या बारीक गोंड्यांचे झुबके आलेले, आणि मधमाश्यांचा आवाज. आई लांबून बघत होती. "हे कसलं रं झाड? किती फुललंय." मामा म्हणाला, "ताई, हिवर की." आई जवळ गेली. खालच्या बाजूला साल काळपट होती. वर, जिथं हात पोचत होता, तिथं ती फिकट पांढरी होती. तिनं हात लावला आणि हसली. "हिवर हाय होय."

शहरात वाढलेली, शहरात दिलेली. तीस-पस्तीस वर्षं तिनं हिवर जाळला होता. फुललेला हिवर तिनं पहिल्यांदा पाहत होती. मी फोन काढला आणि ॲपला फूल दाखवलं. त्यानं लगेच नाव सांगितलं, नवं, वाखेलियावालं. आई म्हणाली, "फुलाचा काढलास, आता सालीचा पण काढ." मी काढला. माझ्या फोल्डरमधला तो हिवराचा बारावा फोटो, आणि जिवंत झाडाचा पहिला. मामाला तिनं विचारलं, याचं बी कधी पडतं. तो म्हणाला, उन्हाळ्यात शेंगा वाळतील, कशाला? ती म्हणाली, "ठेव थोडं. बांधाला टाक. तोडायचं नाही, नुसतं असू दे."